पार्श्वभूमी : आशांचे प्रशिक्षण आणि ‘स्वयंसेविका’ हा शब्द

आशांच्या, म्हणजे गावोगावच्या सरकारी आरोग्य स्वयंसेविकांच्या, मोबदल्याची बातमी होते. त्यांना काय शिकवले आणि ते कुणी ठरवले, याची क्वचितच.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांच्या प्रकल्पात १९७० पासून गावच्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्याचे काम शिकवले गेले. त्या नेमाने केंद्रावर येत, गावातली अडचण सांगत, आणि पुढचा धडा त्यातून निघे. १९७७ ची केंद्र सरकारची आरोग्य कार्यकर्त्यांची योजना वेगळ्या वाटेने गेली : हजार लोकसंख्येमागे एक जण, तीन महिने शिकवणी, महिना ५० रुपये. निवडले गेले ते बहुतेक पुरुष.

गडचिरोलीचा, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा, अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटतो. बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजता यायला हवेत, आणि अनेक सुइणींना तेवढे आकडे येत नव्हते. मग त्यांना एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या, लाल मण्याची पाळी आली तर धोका. दहापर्यंत मोजणे त्यांना येत होतेच, शिक्षण तिथून सुरू झाले.

२००५ मध्ये आशा आल्या. अट आठवी पास, प्रशिक्षण २३ दिवसांचे, पाच टप्प्यांत. इथेच ‘स्वयंसेविका’ हा शब्द आड आला. ती कर्मचारी नाही म्हणून पगार नाही, सुरुवातीला फक्त कामागणिक मोबदला. आणि स्वयंसेविकाच आहे म्हणून शिकवणीही थोडक्यात, सगळ्यांना एकच पुस्तिका. मेळघाटात कोरकू बोलणारी आणि कोल्हापूरची बारावी झालेली, दोघींना तोच धडा. हा शब्द नम्र दिसतो, पण जबाबदारी पूर्ण नोकरीची टाकून हक्क मात्र टाळण्याची सोय त्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी आल्या, दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा, घरी झाले तर सात. वजन करणे, ताप मोजणे, धोक्याच्या खुणा ओळखणे हे हाताने करून शिकवायचे काम. गडचिरोलीची शिकवण अशी उशिरा सरकारी पुस्तिकेत पोचली.

कोविडनंतर फोनवरच्या नोंदी वाढल्या. ऑक्टोबर २०२३ च्या संपात मानधनवाढीबरोबर ऑनलाइन कामांची सक्ती नको, हीही मागणी होती.