‘व्ह्यू वन्स’ आणि ‘स्नॅप’: पालकांची होणारी गल्लत

“व्हॉट्सॲपवरही फोटो एकदा पाहिला की निघून जातो, मग स्नॅपचॅटची एवढी काळजी कशाला?” हा प्रश्न आठवी-नववीतल्या मुलांचे पालक मला वारंवार विचारतात, आणि तो रास्त आहे. व्हॉट्सॲपने ‘व्ह्यू वन्स’ची सोय २०२१ साली दिली, तर स्नॅपचॅट २०११ पासून याच कल्पनेवर उभे आहे. वरवर पाहता दोन्हींकडे एकच गोष्ट घडते. मात्र पालकांची धोका ओळखण्याची नजर व्हॉट्सॲपवर तयार झालेली असते, आणि तीच नजर घेऊन ते मुलांचे स्नॅपचॅट पाहू लागले की जिथे लक्ष द्यायला हवे, नेमके तिथेच त्यांचे लक्ष जात नाही.

व्हॉट्सॲपवर नाहीसा होणारा फोटो हा अपवाद असतो. पाठवणाऱ्याला त्या एका फोटोपुरते ‘१’ या आकड्याचे चिन्ह मुद्दाम दाबावे लागते. समोरच्याने तो उघडून बंद केला की पुन्हा उघडता येत नाही, पुढे पाठवता येत नाही, आणि चौदा दिवसांत उघडलाच नाही तर तो बाद होतो. बाकीचे संभाषण, कोणी वेगळी व्यवस्था केली नसेल तर, जागच्या जागी राहते. स्नॅपचॅटमध्ये नाहीसे होणे हाच नियम आहे आणि जपून ठेवणे हा अपवाद. ॲप उघडताच समोर गप्पांची यादी येत नाही, कॅमेरा येतो. काढलेला स्नॅप, म्हणजे तिथून पाठवलेला फोटो किंवा व्हिडिओ, पाहून झाला की जातो, आणि लिहिलेला मजकूरही, तो कोणी मुद्दाम जपून ठेवला नाही तर, पाहिल्यानंतर लगेच किंवा ठरलेल्या मुदतीनंतर, सहसा चोवीस तासांनी, निघून जातो.

स्क्रीनशॉटच्या बाबतीतला फरक तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ‘व्ह्यू वन्स’ फोटोचा स्क्रीनशॉट घेऊ लागल्यास व्हॉट्सॲप तो घेऊ देत नाही. स्नॅपचॅट सहसा अडवत नाही, पाठवणाऱ्याला तशी सूचना देते. म्हणजे फोटो कोणाच्या तरी हाती लागला हे पाठवणाऱ्या मुलीला कळते, पण तो हाती लागून गेल्यावर. दुसऱ्या फोनने समोरच्या पडद्याचा फोटो काढला तर दोन्ही ॲप्सना त्याचा पत्ताही लागत नाही. स्नॅप कायमचे नाहीसे होतात या प्रचाराबद्दल ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये स्नॅपचॅटवर दिशाभूल केल्याचा आरोप ठेवला होता आणि कंपनीला तडजोड करावी लागली होती. ‘दिसेनासे झाले’ आणि ‘पुसले गेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांशी बोलताना सुरुवात इथूनच करावी असे मला ठामपणे वाटते.

तरीही फोटोपेक्षा मला अधिक चिंता वाटते ती ‘स्ट्रीक’ची. दोघांनी रोज एकमेकांना स्नॅप पाठवले की नावापुढे आगीचे चिन्ह आणि दिवसांचा आकडा येतो. एक दिवस चुकला की आकडा जातो, आणि वेळ संपत आली की वाळूचे घड्याळ दिसते. माझ्या भाचीने परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक बाजूला ठेवून ओळीने नऊ जणांना छताच्या पंख्याचा एकच काळपट फोटो पाठवताना मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहे. त्या फोटोत सांगण्यासारखे काहीही नव्हते, फक्त आकडा टिकवायचा होता. सहलीला गेल्यावर स्ट्रीक तुटू नये म्हणून मुले आपला पासवर्ड मैत्रिणीला देऊन जातात, ही गोष्ट किती पालकांना ठाऊक असते? ‘व्ह्यू वन्स’मध्ये असा रोजचा तगादा नाही.

ओळखीचा मामलाही वेगळा आहे. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबर दिसला की आपण सावध होतो. स्नॅपचॅटवर माणसे वापरकर्त्याच्या नावाने जोडली जातात, आणि मित्राचा मित्र म्हणून सुचवलेले नाव मुलाला अनोळखी वाटतच नाही. त्यात स्नॅप मॅप आहे, ज्यावर मूल कोठे आहे हे त्याने परवानगी दिलेल्या मित्रांना नकाशावर दिसते. मुलाचे ठिकाण लपवणारे तिथले ‘घोस्ट मोड’ आज रात्री मुलासोबत बसून सुरू करा; दोन मिनिटांचे काम आहे.

आता सर्वांत कठीण भाग. कोणी मुलाचा खासगी फोटो मिळवून पैशांसाठी किंवा आणखी फोटोंसाठी धमकावू लागले, तर व्हॉट्सॲपवर धमकीचा साधा मजकूर सहसा शिल्लक असतो. स्नॅपचॅटवर फोटोबरोबर धमकीही निघून जाते आणि घाबरलेल्या मुलाकडे दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवावे की अशा वेळी धमकीचा मजकूर आणि समोरच्याचे वापरकर्ता-नाव लगेच जपून ठेवायचे, पैसे द्यायचे नाहीत, खाते पुसायचे नाही आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी आपल्याला उठवायचे. मात्र मुलाचा तो फोटो पुरावा म्हणून नातेवाइकांना किंवा पालकांच्या ग्रुपवर चुकूनही पाठवू नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार बालकांचे लैंगिक स्वरूपाचे चित्र पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. पैसे गेले असतील तर १९३० आणि मुलाला आधार हवा असेल तर १०९८ हे क्रमांक आहेत.

स्नॅपचॅटच्या ‘फॅमिली सेंटर’मधून, मुलाने निमंत्रण स्वीकारले तर, त्याचे मित्र कोण आणि गेल्या सात दिवसांत तो कोणाशी बोलला एवढे पालकांना दिसते, मजकूर दिसत नाही, आणि तेच योग्य आहे असे माझे मत आहे. त्या यादीतले एखादे नाव आपल्या ओळखीचे नसेल, तर “हा कोण?” असे दरडावण्याऐवजी “याची नि तुझी ओळख कुठे झाली?” असे विचारावे, म्हणजे मूल फोन लपवण्याऐवजी हकिगत सांगू लागते.