घरगुती वायरिंगमधील ॲल्युमिनियम (खानदेश)

घरातील विजेच्या वायरिंगसाठी तांब्याऐवजी वापरलेली ॲल्युमिनियमची तार. भांड्यांच्या बाबतीत याच धातूला बोलीत ‘जर्मन’ म्हणतात. भारताला तांबे मुख्यतः आयात करावे लागे; परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९६० नंतरच्या काळात देशी ॲल्युमिनियम घरगुती वायरिंगमध्येही शिरले. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या जुन्या धाब्याच्या घरांत सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली अशी एकतारी वायर अजून दिसते.

ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. म्हणून तेवढाच रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) ठेवायचा तर तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १.६ पट लागते. तरीही तिचे वजन तांब्याच्या निम्मेच भरते. खांबावरच्या लांब तारांना हे फार सोयीचे. घरात मात्र खरी अडचण तारेत नसते, जोडात असते.

हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय धातू मऊ. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो. तापल्यावर पितळी टर्मिनलपेक्षा जास्त फुगतो, थंड झाल्यावर आक्रसतो आणि दर फेरीत पकड थोडी सैल होते. सैल जोडाचा रोध वाढतो, तो आणखी तापतो. एका दिव्यासाठी ओढलेल्या जुन्या लायनीवर एप्रिल-मेमध्ये कूलर आणि जोडीला इस्त्री लावली की हे उघडे पडते: बोर्डावर हात ठेवला तर कोमट लागतो, सॉकेटभोवतीचे बेकेलाइट तपकिरी पडते, उघडल्यावर तारेच्या टोकाला काळपट भुकटी असते. आधीच ४५ अंशांच्या भिंतीत बसलेल्या जोडाला थंड व्हायला वावही उरत नाही. फ्यूज यावर काहीच करत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो.

त्यात भर म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम पिळून वर टेप गुंडाळण्याची सवय. पावसाळी ओलीत या जोडात ॲल्युमिनियम झिजत जाते. दुरुस्तीत दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर आणि ऑक्साइडरोधी पेस्ट लागते. स्क्रू नुसता आवळणे पुरत नाही, आणि ठिसूळ झालेले टोक आवळताना तुटतेही. संपूर्ण वायर बदलणे सर्वांत निर्धोक.

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर हा याच गोष्टीचा नवा अवतार. बाहेरून ती लालसर दिसते, पण टोक पात्याने खरवडले की आत पांढरे निघते. पूर्ण तांब्याची म्हणून ती विकणे ही शुद्ध फसवणूक.

अर्थिंगचे, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीचे, गणित निराळे. तिथे जस्त चढवलेली लोखंडी तार किंवा पाइप चालतो, कारण एरवी त्यातून प्रवाह वाहत नाही. मात्र तापी खोऱ्यातल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती पाइपापासून सुटते. पाइपाभोवतीच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात त्या दिवसांत अधूनमधून पाणी ओततात ते त्यासाठीच.