धिंगरी अळिंबी: सगळी भिस्त काडावर

धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) बेडवर, म्हणजे काड आणि बियाणं भरलेल्या पिशवीत, आठवडाभरात हिरवे ठिपके दिसले, की पहिला दोष बियाण्याला, म्हणजे स्पॉनला दिला जातो. पण बहुतेक वेळा चूक काडातच झालेली असते. काडावर ट्रायकोडर्मासारख्या बुरशींचे बीजाणू आधीपासूनच असतात आणि ही हिरवी बुरशी धिंगरीपेक्षा भराभर पसरते. म्हणून धिंगरीला आधी मैदान मोकळं करून द्यावं लागतं.

गव्हाचं काड, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचं कुटार, काहीही चालेल. फक्त त्याच हंगामातलं, कोरडं, पिवळंधमक हवं. पावसात भिजून काळं पडलेलं काड घेऊच नका. ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करून पोत्यात भरा, ८ ते १० तास भिजवा आणि मग ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. काड पाण्यावर तरंगतं, म्हणून वर दगड ठेवावाच लागतो. वर राहिलेला भाग कच्चा राहतो आणि हिरवी बुरशी तिथूनच सुरू होते.

आता निथळणं. इथे घाई नडते. मूठभर काड घट्ट पिळा: तळवा ओलसर व्हावा, थेंब मात्र गळू नये. ही साधारण ६५ टक्के ओल. पाणी जास्त राहिलं तर पिशवीच्या तळाशी हवा पोहोचत नाही, काड आंबतं आणि कुबट वास येतो.

एक किलो कोरड्या काडाचं ओलं वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरतं. त्याला २ टक्क्यांनी ५५ ते ६० ग्रॅम स्पॉन लागतं. काड पूर्ण गार झाल्यावर थर देत, दाबून पिशवी भरा आणि २०-२५ भोकं पाडा. २५ अंशांच्या आसपास, अंधारात, १५ ते २० दिवसांत बेड पांढराशुभ्र होतो. काडात गव्हाचा कोंडा मिसळायचा मोह टाळा. गॅनोडर्मासारख्या औषधी अळिंबीसाठी लाकडाच्या भुशात कोंडा घालतात, पण मग १२१ अंशांवर, दाबाखाली निर्जंतुक करावं लागतं; नुसतं गरम पाणी तिथे पुरत नाही.

पिशवी काढल्यावर ८० ते ८५ टक्के आर्द्रता, उजेड आणि खेळती हवा द्या. देठ लांब नि छत्र्या चिमुकल्या आल्या, तर खोलीत कार्बन डायऑक्साइड कोंडला आहे असं समजा. पाणी जमिनीवर आणि भिंतींवर मारा. टाचणीएवढ्या कोंबांवर थेट पडलं तर ते पिवळे पडून मरतात.

छत्रीची कड वर वळायच्या आत, देठ पिरगळून काढणी करा. उशीर झाला की बीजाणू हवेत सुटतात आणि खोलीत काम करणाऱ्याला खोकला, ॲलर्जी होऊ शकते. काढणीला मास्क लावाच.