खेळ सांगणारा माणूस : सीमाभागातील पार्श्वभूमी

बेळगावच्या मराठी घरात रेडिओवर खेळ ऐकायचा तर आधी काटा फिरवायची कला यावी लागे. 765 किलोहर्ट्झवर धारवाड. सर्वांत जवळचं केंद्र, आवाज ठणठणीत, खरं ते कन्नड. 1251 वर सांगली, 792 वर पुणे, 558 वर मुंबई ब. खानापुरापासून निपाणीपर्यंत मराठी ऐकणाऱ्यांना हे आकडे पाठ असत आणि काट्याशेजारी काचेवर पेन्सिलीची खूण असे.

यात एक अडचण होती, ती पदार्थविज्ञानाची. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून जातात आणि अंतर वाढेल तशा क्षीण होतात. सूर्य मावळल्यावर आयनांबराचा खालचा थर विरतो, मग त्याच लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून रात्री मुंबई स्पष्ट लागे. कसोटी सामना मात्र दिवसा खेळला जातो. ऐन खेळाच्या वेळी पुणे-मुंबई खरखरीत बुडायची आणि सरळ रेषेत 110 किलोमीटरच्या आसपास असलेल्या सांगलीवर भिस्त ठेवावी लागायची. सीमाभागात खेळावर बोलणारा माणूस कसा घडला, हे समजून घ्यायला मला हा काटा फार महत्त्वाचा वाटतो. इथे कान मराठी होते, माती खेळाची होती, आणि मराठी बोलणारं केंद्र नेहमी दुसऱ्या गावी होतं.

भारतात या व्यवसायाची सुरुवात मुंबईत झाली. 1934 मध्ये एस्प्लनेड मैदानावरच्या क्रिकेट सामन्याचं धावतं वर्णन ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान यांनी केलं. आवाज भारदस्त, इंग्रजी ऐटबाज, आणि दम असा की जेवण-चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर एकटेच बोलत. पुढे आकाशवाणीने एका सामन्याला अनेक समालोचक नेमायचं ठरवलं, तेव्हा माइक वाटून घेणं त्यांना मान्य झालं नाही आणि ते बाजूला झाले. त्यांच्या हट्टात गर्व दिसतो, हे खरं. पण खेळ सांगणारा माणूस खेळाडूइतकाच ओळखीचा होऊ शकतो, हे या देशाला पहिल्यांदा त्यांच्यामुळे कळलं.

सामना चालू नसतानाही रेडिओवर खेळावर बोलता येतं, हे विजय मर्चंट यांनी दाखवलं. विविध भारती 1957 च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि तिच्यावर मर्चंट यांचा क्रिकेटवरचा रविवारचा कार्यक्रम लोकप्रिय झाला. निवृत्त कसोटीवीर, हिशेबी आणि सभ्य बोलणं, धावफलकाच्या पलीकडचा विचार. अमेरिकेत चोवीस तास फक्त खेळावर बोलणारं केंद्र न्यूयॉर्कमध्ये 1987 च्या जुलैत सुरू झालं, त्यात श्रोते फोन करून वाद घालत. आपल्याकडची गप्पांची परंपरा वेगळ्या वळणाची. इथे बोलणारा एक आणि ऐकणारे गल्लीभर. वाद व्हायचा तो कार्यक्रम संपल्यावर, पानपट्टीपाशी.

मराठीची गाठ पडली ती बाळ ज. पंडितांमुळे. ते महाराष्ट्राकडून रणजी करंडक खेळले होते, त्यामुळे चेंडू कुठे पडला आणि का वळला हे त्यांना आतून ठाऊक होतं. आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, आणि ते रास्तच आहे. हे काम नुसत्या भाषांतराचं नव्हतं. यष्टी, षटक, फलंदाज, क्षेत्ररक्षक हे शब्द कागदावर लिहिणं सोपं. गोलंदाज धावत आल्यापासून चेंडू सीमापार जाईपर्यंतच्या चार-पाच सेकंदांत ते अडखळल्याशिवाय बोलणं अवघड, आणि त्याच दमात ऐकणाऱ्याला मैदान दिसलं पाहिजे. वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्रात मराठी क्रीडापत्रकारितेला जे स्वतंत्र पान मिळवून दिलं, त्याचं आवाजातलं भावंड म्हणजे पंडितांचं समालोचन. बेळगावात इंग्रजी समजणारे कमी नव्हते. तरीही शेतात, हातमागाच्या खोलीत, किराणा दुकानाच्या गल्ल्यावर सामना पोचला तो मराठीतून.

पण सीमाभागातला खरा समालोचक क्रिकेटमधून आलेला नाही. तो कुस्तीच्या मैदानातून आला.

बेळगावचा आनंदवाडी आखाडा, भांदूर गल्लीसारख्या तालमी, गावोगावच्या यात्रांत भरणारी मैदानं, हे सगळं कोल्हापूरच्या कुस्तीशी एकजीव आहे. राजर्षी शाहूंनी बांधलेलं खासबाग मैदान इथल्या मल्लांचं स्वप्न होतं आणि आहे. 1959 साली पहिला हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे हे चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. दिल्लीत त्यांनी पंजाबच्या बंता सिंगला हरवलं. गाव कर्नाटकात, तालीम कोल्हापुरात, किताब दिल्लीचा. सीमा कागदावर 1 नोव्हेंबर 1956 पासून पक्की झाली होती, तांबड्या मातीने मात्र ती मनावर घेतली नव्हती.

अशा मैदानात कर्ण्यावरून बोलणाऱ्याकडे कामं बरीच असतात. जोड जाहीर करायची, मल्ल कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, इनाम किती हे सांगायचं, उशिरा आलेल्या पाहुण्याचा मान राखायचा, हलगीवाल्याला कधी चढवायचं ते बघायचं. कुस्ती रंगली की मग खरी परीक्षा. घिस्सा, ढाक, कलाजंग, एकलंगी, मोळी. डाव पडायच्या आधी त्याचं नाव तोंडात यावं लागतं, कारण पडल्यावर टाळ्यांत काही ऐकू येत नाही. शिवाय समोर बसलेल्यांतले निम्मे स्वतः माती खेळलेले. डावाचं नाव चुकलं तर कुणी तरी जागेवरून उठून सांगतं. कोथळीचे शंकर पुजारी यांनी हे निवेदन आयुष्यभराचं काम म्हणून केलं आणि दोन्ही राज्यांतल्या शौकिनांना त्यांचा आवाज ओळखीचा झाला. खेळावर बोलणारा माणूस कसा असावा असं इथल्या पोराला विचारलं, तर त्याच्या कानात आधी असा कर्णा वाजतो, स्टुडिओ नंतर.

मैदानातला आवाज रेडिओवर न्यायचा तर वाट लांबची होती. आकाशवाणीवर बोलायचं म्हणजे आवाजाची चाचणी, आणि त्यात प्रमाण मराठी. घरी ‘जाऊलोय’, ‘करूलोय’ म्हणणाऱ्या, ‘पण’ऐवजी ‘खरं’ म्हणणाऱ्या मुलाला तिथे स्वतःची जीभ बांधून ठेवावी लागे. युववाणीसारख्या कार्यक्रमांनी 1969 नंतर तरुणांसाठी दार किलकिलं केलं. निवड झाली तरी ती बहुधा नैमित्तिक निवेदकाची. महिन्यातून ठरावीक पाळ्या, पाळीमागे मानधन, नोकरी नाही. समालोचकाचंही तसंच, सामना असेल तेवढंच काम. त्यामुळे खेळावर बोलणारे बहुतेक जण शाळेत शिक्षक, बँकेत कारकून किंवा वर्तमानपत्रात वार्ताहर असत आणि रविवारी सांगलीची एसटी पकडत. बेळगावच्या ‘तरुण भारत’सारख्या 1919 पासूनच्या मराठी पत्रामुळे लिहिणाऱ्याला गावात जागा होती. बोलणाऱ्याला तशी जागा नव्हती, ही उणीव मला आजही टोचते.

याचा तोटा काय झाला, ते एका नावावरून सांगतो. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला 1-0 असं हरवून हॉकीचं सुवर्ण परत मिळवलं. त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. अशा खेळाडूला त्याच्याच गावच्या मराठीत, घाई न करता, तासभर बोलतं करणारा नियमित कार्यक्रम गावात असता, तर केवढा ठेवा हाती राहिला असता! त्यांच्या पिढीच्या आठवणी घरच्या ओसरीवर सांगितल्या गेल्या आणि बऱ्याचशा तिथेच विरल्या.

रेडिओचं दार सरकारी मक्तेदारीतून सुटलं तेही खेळामुळेच. 1993 च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात भांडण लागलं आणि 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर खासगी एफएमचं धोरण आलं आणि 2001 च्या जुलैत देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं ते आपल्याच राज्याच्या राजधानीत, बेंगळुरूत. पण या केंद्रांना बातम्या द्यायला मनाई होती, आणि खेळाची चर्चा बातमीला इतकी चिकटलेली असते की तिला त्यात जागा उरली नाही. गाणी, विनोद, जाहिराती यांतच सकाळ संपायची.

खासगी एफएमच्या 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात थोडी ढील मिळाली. क्रीडास्पर्धांची माहिती देता येईल, थेट प्रसारण नाही; मात्र स्थानिक स्वरूपाच्या स्पर्धांचं थेट समालोचन चालेल. सरकारी कागदातली ही बारीक ओळ आहे, पण यात्रेतल्या कुस्तीला, गल्लीतल्या कबड्डीला, तालुक्याच्या खो-खोला थेट रेडिओवर जायची परवानगी तिच्यात आहे. सीमाभागासाठी त्या धोरणातली सर्वांत मोलाची ओळ तीच, असं माझं ठाम मत आहे. सामुदायिक रेडिओची वाट त्याआधीच खुली झाली होती. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना परवाने मिळू लागले. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं ‘वेणुध्वनी’ 90.4 मेगाहर्ट्झवर ऐकू येतं. अशा केंद्राचा टप्पा दहा-बारा किलोमीटरचा असतो. कसोटी सामन्याला तो अपुरा, बेळगावजवळच्या तुरमुरी किंवा कंग्राळीच्या मैदानाला मात्र पुरून उरेल. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात कांस्यपदक आणलं. कुराश म्हणजे काय, ज्युदोहून तो कसा वेगळा, हे तिच्या गावच्या बायकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगायला एवढा टप्पा पुष्कळ झाला.

दरम्यान आवाज दुसरीकडून आला. 2023 च्या आयपीएलचं जिओ सिनेमावर मराठीतूनही समालोचन झालं. केदार जाधव त्यात बोलत होता. ‘खेळ मांडला’सारखे ठेवणीतले शब्द न वापरता, घरी बोलावं तसं. स्पर्धा अर्ध्यावर असताना डेव्हिड विली जखमी झाला आणि त्याच्या जागी बेंगळुरूच्या संघाने केदारला बोलावलं. माइक ठेवून तो बॅट घेऊन गेला. मराठीत बोलणारा आपला माणूस आणि कर्नाटकाचा संघ, दोन्ही आपलेच मानणारी घरं बेळगावात कमी नाहीत. त्या दिवशी अशा घरांत कुणाला कुणाची बाजू निवडावी लागली नाही.