बावन्न आठवडे आणि वर उरलेला एक दिवस

डिसेंबरात नवीन कॅलेंडर घरात आलं की बाकी ठिकाणचे लोक दिवाळी बघत असतील, आमच्या इंदूरला आधी रंगपंचमीचा वार बघतात, कारण त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते आणि शहराला सुट्टी असते. २०२६ ची रंगपंचमी ८ मार्चला, म्हणजे रविवार, म्हणजे सुट्टी गेलीच. दिवाळीचं लक्ष्मीपूजनही ८ नोव्हेंबर, परत रविवार. मग कोणीतरी म्हणतंच, भिया ये साल तो गया.

सगळं भांडण एका दिवसाचं आहे. बावन्न साते ३६४, वर एक उरतो, लीपला दोन. त्यामुळे २६ जानेवारी २०२६ ला सोमवारी आली की २०२७ ला मंगळवारी, आणि लीप मधे पडलं तर एक वार उडी मारून पुढे. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लक्षात येतं ते हे की आठवडा हा वर्षाचा तुकडाच नाहीये. महिना वर्षातून कापलेला आहे, आठवडा वर्षाच्या बाजूने आपल्या चालीने चाललेली वेगळी साखळी आहे, ती १ जानेवारीला थांबत नाही की कोणासाठी वळत नाही. युरोपात १५८२ मधे कॅलेंडर दुरुस्त केलं तेव्हा तारखेतले दहा दिवस सरळ खाऊन टाकले, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर, पण वार? गुरुवारनंतर शुक्रवारच. तारखेला हात लावला, वाराला नाही.

जुनी गोष्ट पटकन सांगतो. आपल्याकडे सगळ्यात आधी तिथी आणि नक्षत्र होतं, वेदांग ज्योतिषात वार नाहीत. वार नंतर आले, ग्रहांच्या होऱ्यांच्या हिशोबाने, दिवसाचे २४ होरे म्हणजे तास, त्यांच्यावर सात ग्रह पाळीपाळीने, २४ ला ७ ने भागलं की ३ उरतात म्हणून रवीनंतर सोम, सोमनंतर मंगळ असा उड्या मारणारा क्रम. तारखेसोबत वार कोरलेला भारतातला सगळ्यात जुना माहीत असलेला लेख आपल्याच मध्यप्रदेशात आहे, सागर जिल्ह्यात एरणला, इ. स. ४८४ चा स्तंभलेख, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार सुरगुरूचा, म्हणजे गुरुवार. तेव्हापासून आजपर्यंत ती साखळी तुटलेली नाही. नंतर बाजार वारांवर बसले, पुण्यात पेठाच सातही वारांच्या, भोपाळला इतवारा, बुधवारा, जुमेराती, आमच्याकडे काच मंदिराजवळ इतवारिया.

आता शब्दाचा गुंता, याच्यावर थोडं जास्त बोलणार आहे कारण घरात दर वेळी याच्यावरून वाद होतो. दिवस सात, मग शब्द आठवडा का? शेजारचे हिंदीवाले हफ्ता म्हणतात, तो फारसीतला, हफ्त म्हणजे सात. म्हणजे भिंतीच्या इकडे आठ आणि तिकडे सात, काळ तोच. कोणी म्हणतं जुन्या लोकांना मोजता येत नव्हतं, ते चूक आहे, त्यांची मोजायची रीत वेगळी होती, सुरुवातीचा दिवसही धरायचा. बाजार रविवारी असेल तर ह्या रविवारपासून त्या रविवारपर्यंत बोटं मोजा, आठ होतात. तेरावा असाच मोजतात, माणूस गेला तो दिवस पहिला. बारसंही तसंच. "आठ दिवसांनी या" असं शिंपी सांगतो तेव्हा त्याच्या मनात पुढचा तोच वार असतो, आणि आपण नवव्या दिवशी गेलो तरी कपडे शिवलेले नसतात हा वेगळा विषय.

पंधरवडा अजून गंमत करतो. त्याचा आठवड्याशी संबंधच नाही, तो पक्षाचा आहे, प्रतिपदेपासून पौर्णिमा किंवा अमावस्या, पंधरा तिथ्या. म्हणून दोन आठवडे दिवसांनी मोजले तर १४, शब्दाने मोजले तर १६, आणि बोलताना आपण सरळ "पंधरा दिवस" म्हणून मोकळे होतो! त्यात मराठीत हप्ता म्हणजे गाडीचा हप्ता, किंवा तो दुसरा, टपरीवाल्याकडून वसूल होतो तो. आणि सप्ताह म्हणजे हरिनामाचा सप्ताह, सात दिवस कीर्तनं आणि आठव्या दिवशी काल्याचं. इंदूरच्या मराठी घरातली नवीन मुलं "पुढच्या हफ्त्यात" म्हणतात आणि पुण्याहून आलेली मावशी विचारते कसला हप्ता भरायचाय.

वीकेंडला तर आपल्याकडे धड शब्दच नाही, शनिवार-रविवार म्हणतो आपण, सप्ताहांत फक्त पेपरात. आणि एंड कसला? जुन्या कॅलेंडरात आठवडा रविवारी सुरू होतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची व्याख्याच शनिवारच्या मध्यरात्रीपासून सात दिवस अशी होती, म्हणजे कायद्याने रविवार पहिला दिवस आणि शनिवार मागच्या आठवड्याचा शेवटचा. वीकेंड दोन आठवड्यांत फाटलेला. सोमवार पहिला धरायची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकातली, तिथे ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांमधे पोरं "वीक अमुक" म्हणतात ते याच हिशोबाने. २०२६ गुरुवारी सुरू होतं म्हणून त्यात ५३ आठवडे, सुरुवात २९ डिसेंबर २०२५ ला आणि शेवट ३ जानेवारी २०२७ ला. हे मला समजायला एक पूर्ण चहा लागला होता.

सुट्टी मात्र कॅलेंडरने दिलेली नाही, भांडून मिळालेली आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ मधे निवेदन दिलं त्यात रविवारची मागणी होती, त्यांचा पुढारी मराठी होता, आणि रविवार खंडोबाचा वार म्हणून हवा असा मुद्दा मांडला गेला असं सांगतात. मालकांनी १० जून १८९० ला मान्य केलं, पुढच्या वर्षी कायदाही आला, पण तो ब्रिटिश मुलखाचा, होळकरांच्या संस्थानाला लागू नव्हता. म्हणून रविवार इंग्रजांनी दिला असं कोणी म्हटलं की मला चिडायला होतं, साहेब चर्चला जात होता ते ठीक आहे, कामगाराला त्यातलं काय मिळत होतं? आणि सगळ्यांना रविवार मिळाला असंही नाही. १९५८ च्या आपल्या राज्याच्या दुकान कायद्यात, ज्याला बाजारात सगळे गुमाश्ता म्हणतात, दुकान आठवड्यात एक दिवस बंद ठेवायचं असतं, पण बाजाराचा दिवस आपापला.

मधे एक वेळ अशी आली होती की आठवडा वर्षात नीट बसवायचाच. सगळ्या जगासाठी एकच कायमचं कॅलेंडर, प्रत्येक तिमाही ९१ दिवसांची, बरोबर १३ आठवडे, दर वर्षी १ जानेवारी रविवारीच. उरलेला एक दिवस डिसेंबरच्या शेवटी, त्याला वारच नाही द्यायचा, लीपचा दिवस जूनच्या शेवटी, तोही बिनवाराचा. ऐकून आश्चर्य वाटेल पण १९५३ मधे हा विषय जागतिक पातळीवर पुढे रेटणारा देश भारत होता. सोयीचं होतं ते खरं, एकदा छापलेलं कॅलेंडर आयुष्यभर चाललं असतं. पण बिनवाराचा दिवस म्हणजे ती साखळी तुटली, मग शनिवारचा सब्बाथ पाळणारे, रविवार पाळणारे, शुक्रवार पाळणारे, सगळ्यांचा वार दर वर्षी एकेक सरकला असता. १९५५ मधे अमेरिकेने नाही म्हटलं, १९५६ ला विषय गुंडाळला. बरं झालं असंच मी म्हणेन. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत वाराच्या जागी भटजींनी काय लिहिलं असतं, आणि शनिवारचा उपास करणाऱ्या आमच्या आईला कॅलेंडरवरचा शनिवार खरा की मोजलेला खरा हे कोणी समजावलं असतं.

मग वर्षाला हात लावता येत नाही म्हटल्यावर सगळे शनिवारच्या मागे लागले. केंद्र सरकारच्या ऑफिसात १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा. बँकेत शनिवार अर्धा दिवस असायचा, बारा वाजले की काउंटरवर गर्दी आणि आतून खिडकी बंद करायची घाई. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, बाकीचे पूर्ण दिवस. पण आमच्या राज्य सरकारच्या ऑफिसात तेव्हा सुट्टी दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी! लोकमान्य नगरात असं एक घर मला माहीत आहे, नवरा बँकेत, बायको राज्याच्या ऑफिसात, दोघांचा मिळून शनिवार तेव्हा महिन्यात एकच, दुसरा. चौथ्याला हे घरी, तिसऱ्याला त्या घरी. ओंकारेश्वरला एक रात्र राहून यायचं तरी महिना-महिना आधी बघायला लागायचं.

दुसरा शनिवार कुठला यावरही लोक चुकतात. दुसरा म्हणजे सोमवारी सुरू होणाऱ्या कॅलेंडरच्या दुसऱ्या ओळीतला असेलच असं नाही, महिन्यातला दुसरा. तो नेहमी ८ ते १४ मधेच असतो, चौथा २२ ते २८ मधे. आणि २९, ३० किंवा ३१ ला पाचवा आला तर बँक चालू, कितीही लोकांनी शटरकडे बघून परत जायचं म्हटलं तरी. म्हणजे वर्षात सुट्टीचे शनिवार २४, कामाचे २८, ज्या वर्षी ५३ शनिवार येतात तेव्हा २९.

२०२१ मधे कोरोनात राज्याच्या ऑफिसांना सोमवार ते शुक्रवार केलं, तात्पुरतं म्हणून, मग मुदत वाढत गेली. महाराष्ट्राने त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारी २०२० च्या शेवटी, पाच दिवस केलेच होते. बँकवाल्यांची सगळ्या शनिवारांची मागणी आहे, बदल्यात रोज थोडं जास्त बसायची तयारीपण आहे. माझं मत विचाराल तर द्या त्यांना, निदान नवरा-बायकोचे शनिवार जुळतील.

बाकी ज्यांना प्लॅनिंग करायचं असेल त्यांनी २०२७ सोडून द्या, १५ ऑगस्ट रविवारी, २ ऑक्टोबर शनिवारी. २०२८ बघा. लीप आहे आणि शनिवारी सुरू होतंय, म्हणून शनिवारही ५३ आणि रविवारही ५३, असं याआधी २००० साली झालं होतं. पहिला दिवस शनिवार, ३१ डिसेंबर रविवार, आणि २६ जानेवारी बुधवारी, १५ ऑगस्ट मंगळवारी, २ ऑक्टोबर सोमवारी, तिन्ही सुट्ट्या शाबूत. रंगपंचमीचं पंचांग आल्यावर बघू.