‘पोर्ट करतो’ या धमकीला वजन कुठून आले?

रिचार्ज महागला की कस्टमर केअरला फोन लावायचा आणि ‘नंबर पोर्ट करतोय’, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलतोय, असे सुनवायचे, हा आता बऱ्याच जणांचा ठरलेला पवित्रा आहे. कधी त्याने काम होते, वाढीव डेटा किंवा महिनाभराची सूट मिळते. कधी पलीकडून गोड आवाजात ‘आणखी काही मदत करू का’ एवढेच ऐकू येते. हा फरक नशिबाचा किंवा बोलण्याच्या कौशल्याचा फारसा नसतो. आपण प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर बोलतो आहोत, यावर तो ठरतो. आणि ते टप्पे गेल्या पंधरा वर्षांत नियम बदलत गेल्यामुळे इकडचे तिकडे झाले आहेत.

भारतात मोबाइल सेवा 1995 मध्ये सुरू झाली. पुढे कंपन्या वाढल्या, दर उतरले, 2003 पासून इनकमिंग फुकट झाले. पण या स्पर्धेचा फायदा मुख्यतः नव्या ग्राहकाला मिळत होता. आकर्षक योजना नव्या सिमवर असायच्या. जुन्या ग्राहकाला काही द्यायचे कारणच नव्हते, कारण कंपनी सोडणे म्हणजे नंबर सोडणे. तो नंबर बँकेत, गॅस एजन्सीकडे, नातेवाइकांच्या डायरीत आणि धंद्याच्या पाटीवर गेलेला असायचा. लोकांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे दोन सिम: जुने इनकमिंगपुरते, स्वस्त कंपनीचे आउटगोइंगसाठी. दोन सिमचे हँडसेट आपल्याकडे एवढे खपले, त्यामागे हेही एक कारण होते.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जगात आधी आली सिंगापूरमध्ये, 1997 साली. ब्रिटनमध्ये ती 1999 मध्ये आली, अमेरिकेत नोव्हेंबर 2003 मध्ये. ब्रिटनची पद्धत इथे सांगण्यासारखी आहे. तिथे कंपनी सोडायची तर ‘पॅक’ नावाचा कोड लागायचा आणि तो मागायला बरीच वर्षे आपल्याच जुन्या कंपनीला फोन करावा लागायचा. तो फोन कंपनी साहजिकच वेगळ्या विभागाकडे वळवायची. त्या विभागाचे काम एकच, जाणाऱ्याला थोपवणे. त्यामुळे घासाघीस आधी आणि कोड नंतर, असा तिथला क्रम पक्का झाला. ‘सोडून जातो म्हणा आणि चांगला सौदा मिळवा’ हा इंटरनेटवर सगळीकडे दिसणारा सल्ला याच व्यवस्थेतला आहे. 1 जुलै 2019 पासून तिथेही कोड एसएमएसने मिळू लागला.

आपल्याकडे कोड सुरुवातीपासूनच एसएमएसवर आहे. कोणाशी बोलावेच लागत नाही. म्हणून इथला क्रम उलटा: आधी कोड, मग कंपनीचा फोन. तिकडचा सल्ला इथे जसाच्या तसा वापरला की तो अर्धाच लागू पडतो, कारण साध्या कस्टमर केअरच्या माणसाकडे बहुतेक वेळा सवलत देण्याचा अधिकार नसतो आणि नुसत्या बोलण्याने त्याच्या स्क्रीनवर काही बदलत नाही.

दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने या सोयीची शिफारस 2006 मध्येच केली होती. नियम निघाले 23 सप्टेंबर 2009 रोजी, त्यानंतरही मुदती पुढे ढकलल्या गेल्या. अखेर 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 रोजी देशभर ती सुरू झाली. त्या वेळी शुल्क होते 19 रुपये. मात्र देशभर म्हणजे आपापल्या सर्कलमध्ये, मोबाइल सेवेसाठी आखलेल्या विभागात. महाराष्ट्राच्या वाचकाला यातली मेख लगेच कळेल: मुंबई हे वेगळे सर्कल, आणि ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये गोवा येतो पण मुंबई येत नाही. पुण्याचा नंबर घेऊन नोकरीसाठी मुंबईला गेलेल्याला तो मुंबईच्या सर्कलमध्ये पोर्ट करता येत नव्हता. एकतर रोमिंग सोसा, नाहीतर नवा नंबर घ्या. ही भिंत 3 जुलै 2015 रोजी पडली.

पहिल्या काही वर्षांत धमकीला सगळ्यात जास्त जोर होता तो वेळेमुळे. कोड 15 दिवस चालायचा आणि तो घेऊन नव्या कंपनीकडे अर्ज केल्यावर नंबर हलायला सात कामकाजाचे दिवस लागायचे. अर्ज गेल्यानंतर जुनी कंपनी तपासणी करून तो नाकारू शकत होती. म्हणजे कोड मागितल्यापासून नंबर जाईपर्यंत जुन्या कंपनीच्या हातात एक-दोन आठवडे सहज असायचे. त्या काळात फोनावर फोन येत, प्रत्येक फोनला ऑफर थोडी वाढे. दुसरी बाजू अशी की थकबाकी नसताना ‘थकबाकी आहे’ म्हणून अर्ज परत गेल्याच्या तक्रारीही याच काळातल्या.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि चित्र पालटले. दर इतके कोसळले की जुन्या कंपन्यांना सगळ्यांसाठी दर कमी करणे परवडेना आणि ग्राहक सोडणेही परवडेना. मग जाहीर प्लॅन तसाच ठेवून, फक्त निघालेल्या ग्राहकाला गुपचूप स्वस्तात देणे सुरू झाले. ट्रायच्या भाषेत या ‘सेगमेंटेड ऑफर’. दोन शेजारी, एकच कंपनी, एकच प्लॅन, पण एकाला जास्त डेटा आणि दुसऱ्याला नाही. कारण पहिल्याने पोर्टचा मेसेज पाठवला होता.

ट्रायला हे खटकले. 1999 च्या दूरसंचार दर आदेशात ग्राहकांमध्ये भेदभाव नको आणि दर ट्रायला कळवले पाहिजेत, अशी तत्त्वे आहेत. फेब्रुवारी 2018 मध्ये त्या आदेशात दुरुस्ती करून अशा ऑफरची माहिती देणे ट्रायने बंधनकारक केले. जुन्या कंपन्यांचे म्हणणे होते की हा प्लॅन नव्हे, ही ग्राहक टिकवण्याची सवलत आहे, आणि ती उघड केली तर प्रतिस्पर्ध्याला आयती माहिती मिळेल. डिसेंबर 2018 मध्ये दूरसंचार लवादाने बऱ्याच अंशी कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा नोव्हेंबर 2020 मध्ये न्यायालयाने कंपन्यांना ही माहिती ट्रायला द्यायला सांगितले. ग्राहकाने यातून एवढे लक्षात ठेवावे: थोपवण्याची ऑफर ही कंपनीने ठरावीक गटासाठी बेतलेली असते. ती वेबसाइटवर सापडत नाही आणि हक्क म्हणून मागता येत नाही. महिन्याला किरकोळ रिचार्ज करणाऱ्या नंबरला ती बहुधा मिळत नाही, मोठा पोस्टपेड नंबर किंवा कुटुंबाचे चार-पाच नंबर एकत्र असतील तर शक्यता वाढते. त्यात गैर काही नाही. कंपनी हिशेब करूनच थोपवते.

या भांडणाच्या मधल्या काळात पर्यायही आटत होते. रिलायन्स कम्युनिकेशन्सने 2017 च्या अखेरीस मोबाइल सेवा आवरली, एअरसेल 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट 2018 मध्ये एक झाल्या, टाटाचे ग्राहक एअरटेलकडे गेले. एकेका सर्कलमध्ये जिथे आठ-दहा कंपन्या होत्या तिथे तीन खासगी आणि एक सरकारी उरली.

आज लागू असलेली प्रक्रिया 16 डिसेंबर 2019 पासूनची आहे, आणि घासाघीस करणाऱ्याने नीट समजून घ्यावी अशी हीच. इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज त्याच सिमवरून 1900 ला पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरी यूपीसी, म्हणजे पोर्टसाठीचा कोड, येतो. त्याची पहिली दोन अक्षरे कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या सर्कलचा नंबर आहे हे सांगतात. पूर्वी कोड कोणालाही मिळायचा आणि तपासणी नंतर व्हायची. आता तपासणी आधी होते आणि पात्र असेल तरच कोड तयार होतो. तपासणीत पाहतात ते असे: सिम सुरू होऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट होऊन 90 दिवस झाले का, पोस्टपेडचे निघालेले बिल भरले आहे का, नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज मध्येच अडकलेला नाही ना, करारातली काही अट बाकी नाही ना, नंबर कोर्टकचेरीत अडकलेला नाही ना. कारण नसताना अर्ज नाकारला तर कंपनीला प्रत्येक प्रकरणी 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही याच दुरुस्तीत झाली.

कोड आता चारच दिवस चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत 30 दिवस). अर्ज केल्यावर त्याच सर्कलमध्ये तीन आणि दुसऱ्या सर्कलमध्ये पाच कामकाजाच्या दिवसांत नंबर हलतो. म्हणजे पूर्वीची ऐसपैस मुदत गेली. कंपनीकडे हातात असतात ते हे मोजके दिवस. कोड तयार होताना तपासणीसाठी तिच्याकडे विचारणा जातेच, त्यामुळे तिला तुमचा बेत त्याच क्षणी कळतो. फोन, मेसेज किंवा कंपनीच्या ॲपमध्ये अचानक दिसणारी ‘फक्त तुमच्यासाठी’ ऑफर यायची ती साधारण याच काळात. दोन दिवसांत काही आले नाही तर आपण फोन करावा, पण आता हातात कोड आहे हे सांगून आणि दुसऱ्या कंपनीचा कोणता प्लॅन, किती रुपयांचा, किती दिवसांचा हे नेमके बोलून. ‘तिकडे स्वस्त आहे’ एवढ्याला उत्तर मिळत नाही. कोड मात्र फोनवर कोणालाही वाचून दाखवायचा नाही. तो लागतो फक्त नव्या कंपनीच्या गॅलरीत किंवा तिच्या अधिकृत माणसाला, केवायसी करताना. जुन्या कंपनीला त्याची गरज नसते, त्यामुळे तो विचारणारा फोन फसवणुकीचा समजावा.

कोड घेतल्याने आपण बांधले जात नाही. वापरला नाही तर तो आपोआप मरतो. नव्या कंपनीत अर्ज दिल्यानंतरही 24 तासांच्या आत, इंग्रजीत ‘कॅन्सल’ आणि नंबर असा मेसेज 1900 ला पाठवून माघार घेता येते. म्हणून ऑफर पटली तर ती खात्यावर दिसेपर्यंत थांबावे, मगच अर्ज मागे घ्यावा. तोंडी कबूल केलेली आणि नंतर सिस्टिममध्ये न सापडणारी सवलत ही या व्यवहारातली सर्वांत नेहमीची कटकट आहे. सवलत किती महिन्यांची, ती संपल्यावर भाडे आपोआप जुन्या दरावर जाते का, मध्ये प्लॅन बदलला तर ती रद्द होते का, हे तीन प्रश्न विचारून उत्तर एसएमएसवर मागवावे. पोस्टपेडचे सांगितलेले भाडे बहुधा 18 टक्के जीएसटी सोडून असते, प्रीपेडचा आकडा कर धरून. तुलना करताना इथे हमखास गफलत होते. कबूल केलेले मिळाले नाही तर 198 वर तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा, आणि तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे.

वेळ साधण्याचाही भाग आहे. प्रीपेडमध्ये उरलेला बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी नंबर हलला की बुडते, म्हणून वर्षभराचा रिचार्ज मारून दुसऱ्या महिन्यात दिलेल्या धमकीला कंपनी भीक घालत नाही. पैसे तिच्याकडे आधीच आलेले असतात. उलट व्हॅलिडिटी संपायला आठवडाभर उरला असताना मागितलेला कोड बोलका असतो. अगदी संपू मात्र देऊ नये. स्वस्त प्लॅनमध्ये आउटगोइंग एसएमएस नसल्याने लोकांना 1900 ला मेसेजच पाठवता येत नव्हता; कोड मागायलाही आधी महागडा रिचार्ज मारा, असा तो प्रकार. डिसेंबर 2021 मध्ये ट्रायने आदेश काढला की रिचार्ज कितीचाही असो, पोर्टसाठीचा मेसेज जाऊ दिलाच पाहिजे.

नंतरची भर 1 जुलै 2024 ची. सिम बदलून घेतल्यावर (हरवले, खराब झाले म्हणून) सात दिवस यूपीसी मिळत नाही. दुसऱ्याच्या नंबरचे बनावट सिम काढून तो लगेच पोर्ट करण्याच्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी हा नियम आहे.

योगायोग असा की त्याच आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी साधारण 10 ते 25 टक्के दरवाढ केली. सगळेच एकदम महाग झाल्यावर ‘तिकडे स्वस्त आहे’ हे वाक्य एकमेकांविरुद्ध वापरता येईना. स्वस्त उरली ती बीएसएनएल, आणि त्या जुलै महिन्यात तिचे ग्राहक सुमारे 29 लाखांनी वाढले, बाकी तिघींचे घटले. बीएसएनएलचे नाव घेऊन घासाघीस करायची असेल तर आपल्या घरी तिची रेंज कशी आहे हे आधी कोणाच्या तरी सिमवर पाहून घ्यावे. कारण थोपवणारा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि ऑफर न देता तिथेच संभाषण संपवतो. शिवाय जाऊन पस्तावलो तरी पुढचे 90 दिवस परतीचा कोड निघत नाही. जुन्या कंपनीचे ‘परत या’ म्हणणारे फोनही बहुधा ती मुदत संपत आल्यावर सुरू होतात.