संत्र्याचा खुंट आणि मुळांवरचे सूत्रकृमी: पार्श्वभूमी

लिंबूवर्गीय फळझाडांच्या मुळांवर जगणारा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा अतिसूक्ष्म कृमी, कॅलिफोर्नियात १९१२ साली सापडला. भारतात त्याची नोंद १९६१ची. मधल्या काळात अमेरिकी बागांमध्ये जमिनीत औषध सोडण्यावरच भर होता. उभ्या झाडांना चालणारे डीबीसीपी हे कृमिनाशक कामगारांच्या प्रजननक्षमतेवर उठले, विहिरींच्या पाण्यात उतरले आणि १९७९मध्ये तिथे जवळपास बंद झाले. त्यानंतर प्रतिकारक खुंटाचे, म्हणजे ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात त्या मुळाकडच्या झाडाचे, महत्त्व आणखी वाढले. खुंट म्हणून वापरल्या जाणाऱ्या त्रिपर्णी संत्र्याच्या मुळात कृमीने तोंड खुपसले की आसपासच्या पेशी मरतात आणि त्याची उपासमार होते. हा गुण संकरातून स्विंगल नावाच्या खुंटात उतरला. पुढे काही भागांत त्रिपर्णीलाही न जुमानणारा कृमीचा प्रकार निघाला.

विदर्भाचा प्रश्न मात्र वेगळा होता. इथली काळी जमीन चुनखडीची. तिच्यात त्रिपर्णीच्या खुंटाला लोह मिळत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यामुळे जंभेरी की रंगपूर, या दोन लिंबांपैकी कोणता खुंट, एवढ्यावरच वाद रंगला. जंभेरीचे रोप जोमदार, म्हणून पन्हेरीवाल्यांची (रोपवाटिकावाल्यांची) तिला पसंती. पण डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकूज हे बुरशीचे रोग तिला लवकर गाठतात. रंगपूर चुनखडी सोसतो, पाण्याचा ताण सोसतो, डिंक्यालाही जंभेरीपेक्षा बरा टिकतो. शिफारस त्याच्या बाजूने झाली आणि ती योग्यच होती. चूक झाली ती ‘रोगप्रतिकारक खुंट’ या सरसकट शब्दात. सूत्रकृमी जंभेरीवर वाढतो तसाच रंगपूरवरही वाढतो. खुंट बदलला म्हणजे मुळांची काळजी मिटली, असा समज बागाइतदारांचा करून देण्यात आला आणि बागेचा ऱ्हास दिसला की बोट कायम बुरशीकडेच गेले.

खरे तर तंतुमुळे पाण्यात खळबळून पाहिली तरी अंदाज येतो. मादीचे अर्धे अंग मुळात, अर्धे बाहेर. अंडी चिकट द्रवात. त्याला माती धरून बसते आणि धुतलेले मूळही मळकट, जाडसर दिसते.

अलीकडे जमिनीवरच्या वाफ्यांऐवजी पिशवीतली कलमे, उन्हाळ्यात प्लास्टिकखाली तापवलेली माती आणि कृमीविरुद्ध जैविक बुरशींचा वापर आला. बागेत कृमी पोचवण्यात पन्हेरीतल्या मातीचा वाटा मोठा, त्यामुळे पिशवीतली निरोगी माती मला खुंटाच्या नावाइतकीच महत्त्वाची वाटते. जुन्या बागेत तेवढ्याने भागत नाही. वाळलेले झाड काढले तरी कृमी जमिनीत उरलेल्या मुळांवर अनेक वर्षे तग धरतो आणि नांगे (मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा) भरताना नवे कलम त्याच खड्ड्यात लावले जाते.